बोहनीची छत्री

रामलिंगअप्पांना घरातला टीव्ही बंद करायचा होता. एवढंच. बटण दाबून बंद करणं त्यांनाही येत होतं. पण बटण दाबायचं तर समोर बसलेल्या दोन बायकांच्या मधून जावं लागे, आणि त्यातली एक त्यांची स्वतःची होती. मुखेडच्या वाचनालयात आयुष्य ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला ‘शांतता राखा’ हे भिंतीवर लिहायची सवय असते, तोंडानं म्हणायची नसते. म्हणून अप्पांनी आडवाटेनं जायचं ठरवलं. कंपनीकडूनच कनेक्शन कापून घ्यायचं, म्हणजे घरात कोणाला ‘नको’ म्हणायची पाळी येणार नाही. करार संपायला अजून बराच अवकाश होता. पण करार म्हणजे शेवटी कागद, आणि कागदाची अप्पांना भीती नव्हती. भीती माणसांची होती.

त्यांना परत पाहिजे होती ती आपली संध्याकाळ. दिवे लागले की गौरम्मा ओसरीवर सूप घेऊन बसायच्या, ज्वारी, डाळ, जे काही निवडायचं असेल ते निवडायच्या, आणि अप्पा वाचनालयातून आणलेलं पुस्तक मोठ्यानं वाचायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा हा नेम. गौरम्मांना स्वतःला वाचायचा कंटाळा. पण ऐकणं त्यांच्याइतकं कोणाला जमत नसेल, असं अप्पांना वाटे. कधी मध्येच बोलणं नाही, कधी प्रश्न नाही. गोष्ट रंगली की त्यांची बोटं सुपात थबकायची. ती थबकलेली बोटं बघितली की अप्पांना आपण उगाच जगलो नाही असं वाटायचं. जमीन मोजत हिंडलेल्या एका साहेबाचं तीन खंडांचं चरित्र त्यांनी वाचायला घेतलं होतं. दुसऱ्या खंडाच्या अखेरीस साहेबाला जंगलात ताप भरला, आणि नेमका त्याच वेळी घरात टीव्ही आला. साहेब तेव्हापासून तापातच होता.

टीव्ही आला तो भिडेपोटी. मुलगी शिल्पा मुरुडला दिलेली. तिचे सासरे चंद्रप्पा तिथले आडत व्यापारी. त्यांच्या धाकट्या मुलानं, वैजनाथनं, ‘नभरत्न’ नावाच्या डिश कंपनीची एजन्सी घेतली आणि चंद्रप्पांनी फोन केला, “इवाई, पयली बोहनी तुमच्या हातची पायजे. पोराच्या धंद्याला तुमचा पायगुण लागू द्या.” अप्पांच्या ओठांवर ‘नको’ आलं होतं. पण मुलीच्या सासऱ्याला नको म्हणायचं तर माणसाकडे वेगळ्या धातूचे ओठ असावे लागतात. वैजनाथ स्वतः आला, गच्चीवर छत्री बसवली, तिला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि भल्यामोठ्या मुदतीच्या करारावर अप्पांची सही घेऊन, पाया पडून गेला. पाया पडणाऱ्या माणसासमोर करार वाचत बसणं अप्पांना बरं दिसलं नाही. सगळं आयुष्य वाचण्यात गेलं, आणि वाचायचं होतं ते एवढं एकच राहिलं.

त्या दिवसापासून शेजारच्या साखराबाई संध्याकाळी येऊ लागल्या. गौरम्मा आणि त्या एका मालिकेत गुंतल्या. मालिकेतली सासू सुनेच्या दुधात विष कालवत होती. हे कालवणं पावसाळ्यात सुरू झालं ते संक्रांत आली तरी चालूच होतं. अप्पा स्वयंपाकघरात पाटावर बसून मनातल्या मनात वाचायचा प्रयत्न करत. पण मनात वाचणं म्हणजे एकट्यानं जेवण्यासारखं. पोट भरतं, पण घास उतरत नाही.

तर त्यांनी कंपनीला फोन लावला.

एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा, असं करत करत एका मुलीचा आवाज आला. इतका गोड, की आपण हिला काय म्हणून दुखवायचं, असं अप्पांना आधीच वाटून गेलं.

“सर, आपण आमची सेवा का सोडताय, हे जाणून घेऊ शकते का?”

आता काय सांगणार? बायकोला वाचून दाखवायचं आहे, असं परक्या मुलीला कसं सांगायचं?

“तसं काही विशेष नाही,” अप्पा म्हणाले.

“मग सर, आम्ही तुम्हाला लहान मुलांच्या चॅनेलचा संच एक महिना मोफत देतो. चालेल ना?”

अप्पा “बरं” म्हणाले. घरात लहान मूल नव्हतं. पुढच्या वेळी त्यांनी मन घट्ट करून फोन लावला आणि तेलुगू सिनेमे पदरात पडले. तिसऱ्यांदा भजनं आली. कनेक्शन तोडायला निघालेल्या अप्पांच्या घरात चॅनेल असे वाढत गेले, की साखराबाई कौतुकानं म्हणाल्या, “अप्पा लई दिलदार हायत बगा. गौरक्कासाठी काय काय आणून राहिलेत!” गौरम्मांनी नवऱ्याकडे बघितलं. किती तरी वर्षांत त्यांनी असं कौतुकानं बघितलं नव्हतं. अप्पांना तो क्षण बरा वाटला, आणि बरा वाटल्याची लाजही वाटली.

एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर व्यंकटमामा समोरच राहत. जगातल्या कोणत्याही गोष्टीवर त्यांच्याकडे सल्ला असे आणि तो बसायला जागा नसली तरी मिळत असे.

“रिचार्जच मारू नका,” मामा म्हणाले. “आपोआप मरतंय ते. उगं काय फोन करून राहिलाव?”

अप्पांनी रिचार्ज केला नाही. टीव्ही बंद पडला. अप्पांनी तिसरा खंड काढून त्यावरची धूळ पुसली, चष्मा पुसला, घसा साफ केला. एवढ्यात टीव्ही आपोआप सुरू झाला आणि मागोमाग वैजनाथचा फोन आला. “अप्पा, इसरलाव का? मला मोबाईलवर दिसलं, म्या मारून टाकलो. इचार नका करू. घरचंच हाय.”

पुढच्या महिन्यात हेच. त्याच्या पुढच्याही. जावयाच्या भावानं आपल्या घरचा टीव्ही पोसावा, ही गोष्ट अप्पांना रात्रंदिवस टोचू लागली. कंपनीच्या अटीतून माणूस सुटू शकतो. या पोराच्या सौजन्यातून सुटायचा रस्ता कुठल्या पुस्तकात दिलेला नव्हता.

मग ते नांदेडला गेले. कंपनीचं कार्यालय एका दवाखान्याच्या वर होतं. जिन्यात अर्धे लोक रक्त तपासायला आलेले आणि अर्धे टीव्हीच्या तक्रारीला, आणि चेहऱ्यावरून कोण कुठला ते ओळखू येत नव्हतं. अप्पा आधी चुकून पहिल्या रांगेत उभे राहिले. भिडेपोटी तिथं बाही वर करणारच होते, तेवढ्यात नर्सच्या यादीत त्यांचं नाव निघालं नाही म्हणून वाचले. वरच्या मजल्यावरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, “मुदतीआधी बंद करायचं तर डब्बा, छत्री जमा करा आणि ज्यांनी बसवलं त्यांचं नाहरकत आणा.”

“ते नातेवाईक आहेत,” अप्पा म्हणाले.

“मग तर सोपंच की,” तो म्हणाला. त्या माणसाला लेकी नसाव्यात.

छत्री उतरवायचं काम व्यंकटमामांनी अंगावर घेतलं. मदतीपेक्षा त्यांचा सल्लाच जास्त होता. छत्रीच्या दांड्याला साखराबाईंची वाळवणाची दोरी बांधलेली आहे, हे मामांच्या लक्षात आलं तेव्हा पाना फिरून गेला होता. दोरी सुटली, साखराबाईंच्या लुगड्यांसकट त्यांच्याच अंगणातल्या ओल्या पापडांवर जाऊन पडली, आणि खालून जे शब्द आले ते वाचनालयातल्या कोणत्याही कोशात नव्हते.

“छत्री कशाला काढून राहिलाव, अप्पा?” शिव्या संपल्यावर साखराबाईंनी विचारलं.

“कंपनीच बंद करतीय,” अप्पांनी खोटं सांगितलं. हे खोटं त्यांनी घरातही सांगितलं होतं. गौरम्मा शिडी धरून उभ्या होत्या. शिडी त्यांनी छत्री खाली येईपर्यंत घट्ट धरली होती. तिलाही हेच हवं होतं, असा अर्थ अप्पांनी त्यातून काढला. अर्थ काढायची सवय वाचणाऱ्या माणसाला असतेच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते निघाले. कंडक्टर म्हणाला, “छत्रीला तिकीट लागतंय बाबा.” अप्पांनी छत्रीचं तिकीट काढलं. पिशवीत टीव्हीचा डबा आणि मांडीवर छत्री घेऊन ते लातूरपर्यंत बसले. वळणावर गाडी कलंडली की छत्री शेजारच्या बाईच्या बरगडीत घुसे आणि अप्पा माफी मागत. लातूरला गाडी बदलून मुरुडला पोचले तेव्हा बाजारपेठेतली शटर नुकती वर जात होती.

इथं अप्पांकडून जी चूक झाली ती कोणा व्यापाऱ्याच्या घरच्या माणसाकडून सात जन्मात झाली नसती. वेळेवर पोचणं म्हणजे सभ्यपणा, असं त्यांना वाटत आलं होतं. चंद्रप्पा दुकानाच्या उंबऱ्याशी उभे राहून फोटोला उदबत्ती ओवाळत होते. झाडलोट झालेली, पाणी शिंपडलेलं, गल्ल्याला हात लावून डोळ्यांना लावलेला. आता कोणी तरी गिऱ्हाईक यावं आणि दिवसाचं खातं उघडावं, एवढंच राहिलं होतं. आणि पायरीवर अप्पा उभे. हातात छत्री.

“या या इवाई!” चंद्रप्पांचा चेहरा फुलला. “असं अचानक? फोन तरी करायचा. आन् हे काय?” मग त्यांचं लक्ष छत्रीवरच्या हळदीकुंकवाच्या डागाकडे गेलं. “ही आपलीच न्हवं?”

“हाव. परत करायची होती. नाहरकत पाहिजे होतं,” अप्पा एका दमात म्हणाले. गाडीत ते हेच वाक्य घोकत आले होते.

चंद्रप्पांच्या हातातल्या उदबत्तीची राख गळून पडली.

“बोहनी व्हायच्या आदी परतीचा माल?” ते हळू आवाजात म्हणाले. “आन् तोबी पोराच्या पयल्या बोहनीचा? इवाई, सकाळच्या पारी माझ्या दारात येऊन हे?”

आता कुठं अप्पांच्या डोक्यात उजेड पडला. झालेलं सावरावं म्हणून ते जे बोलले ते पुढं मुरुडच्या बाजारात बरेच दिवस चाललं, असं ऐकण्यात आहे.

“मग आधी मी काही तरी विकत घेतो,” ते म्हणाले. “बोहनी होऊ द्या. मग परत करतो.”

दुकानाच्या कोपऱ्यात वैजनाथचं टेबल होतं. तो बिचारा उठून उभा राहिला. “अप्पा, इथं काय घेताव? आत सोयाबीनची पोती हायत आन् हितं कनेक्शन.”

“रिमोट असेल ना? एक रिमोट दे.”

वैजनाथनं वडलांकडे बघितलं, रिमोट कागदात गुंडाळला आणि अप्पांच्या हातात दिला. एका हातात परत करायचा डबा, दुसऱ्या हातात त्याच डब्यासाठी विकत घेतलेला नवा रिमोट. चंद्रप्पांनी रिमोटचे पैसे गल्ल्यात टाकले नाहीत. बाजूला ठेवले.

मागच्या घरातून शिल्पा पाण्याचा तांब्या घेऊन आली. वडलांना बघून हसली, छत्री बघून थांबली. सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे तिनं बघितलंच नाही. त्याची तिला गरज नसावी.

“अप्पा, आईला ठावं हाय का?” तिनं विचारलं.

“तिचं काय? तिचं काही म्हणणं नाही.”

“तिनं म्हणलं का तसं?”

अप्पांनी पाणी प्यायला सुरुवात केली. तांब्या मोठा होता, म्हणून बराच वेळ पीत राहता आलं.

“द्या रे नाहरकत,” चंद्रप्पा म्हणाले. “सोयऱ्याला नको झालंय तर आपण कशाला गळ्यात घालायचं? आपलं काय, आपण देणारी माणसं. आन् शिल्पा, पंचमीला जायचं म्हणत होतीस न्हवं? औंदा ऱ्हाऊ दे. हितं बी झोका हाय.”

वैजनाथनं खाली मान घालून सही केली. निघताना तो पाया पडला. त्यानं निदान एवढं तरी चुकवायला हवं होतं, असं अप्पांना वाटलं.

कनेक्शन बंद झालं. नांदेडच्या त्या माणसानं डबा घेतला, छत्री मात्र “ती कोण ठेवून घेतं इथं? एजंटकडं टाका” म्हणून परत हातात दिली. व्यंकटमामांच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडून ती एकटीच मुरुडला गेली. मोबाईलवर निरोप आला की आपला करार समाप्त झाला आहे. अप्पांनी तो निरोप दोनदा वाचला. विजय असा असतो की काय, त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. पूर्वी कधी मिळालेला नव्हता.

आणि खरंच, संध्याकाळ परत आली. गौरम्मा सूप घेऊन बसल्या. अप्पांनी तिसरा खंड उघडला. साहेबाचा ताप उतरला. वेगवेगळे आवाज काढून अप्पांनी साहेब वाचला, साहेबाचा घोडेवाला वाचला, नदीचा पूरही वाचला. पुराच्या वेळी गौरम्मांची बोटं थबकली. अप्पा त्या बोटांकडे बघत राहिले आणि त्यांच्या दोन ओळी वाचायच्या राहून गेल्या. मुरुडचा अपमान, नांदेडचा जिना, छत्रीचं तिकीट, सगळं त्या थबकलेल्या बोटांनी फेडलं, असं त्यांना वाटलं. सुखाचे असे काही दिवस गेले. माणसाला सुख मिळतंय तेव्हा त्यानं फार वर मान करून बघू नये.

पंचमी आली. गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, लिंबाला झोके बांधले गेले. गौरम्मांनी ज्वारीच्या लाह्या केल्या, शिल्पाच्या वाट्याच्या डब्यात भरल्या आणि डबा फडताळात ठेवून दिला. अप्पांनी त्या संध्याकाळी एक प्रकरण जास्त वाचलं.

त्यानंतर एके दिवशी शेजारच्या गच्चीवर खडखड ऐकू आली. वैजनाथ आला होता. साखराबाईंनी कनेक्शन घेतलं होतं. मालिकेतल्या सुनेचं काय झालं हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नव्हतं म्हणे. नवा नारळ फुटला, नवं हळदीकुंकू लागलं. छत्री मात्र तीच होती. जुना डाग अप्पांना आपल्या अंगणातूनसुद्धा ओळखू आला. चुकलेली बोहनी त्या पोरानं एका भिंतीच्या अंतरावर दुरुस्त करून घेतली. अप्पांच्या घरी तो आला नाही. फाटकातून गौरम्मांना हात जोडून गेला.

संध्याकाळी गौरम्मा नेहमीप्रमाणे सूप घेऊन बसल्या. अप्पांनी पुस्तक उघडलं. साहेब निवृत्त होऊन मायदेशी निघाला होता. बंदराचं वर्णन अर्ध्यावर आलं असेल, तोच भिंतीपलीकडून मालिकेची धून सुरू झाली. गौरम्मांनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पदर सारखा करू लागल्या.

“कुठं निघालीस?”

“साखराबाईकडं.”

“अगं, वाक्य तरी पुरं होऊ दे.”

गौरम्मा थांबल्या. वाक्य पुरं होईपर्यंत उभ्याच राहिल्या. लांबलचक वाक्य होतं. संपल्यावर पुन्हा निघाल्या. आयुष्यात कधी विचारला नव्हता तो प्रश्न त्यांनी विचारला. नांदेडला विचारलं होतं, व्यंकटमामांना विचारलं होतं, फोनवरच्या परक्या मुलीसमोर मान तुकवली होती. इथं मात्र कधी विचारायची गरज वाटली नव्हती.

“गौरा, तुला माझं वाचणं आवडायचं ना?”

गौरम्मांनी जरा विचार केला. उत्तर शोधतायत असं नाही, नवऱ्याला लागणार नाही असा शब्द शोधतायत असं वाटत होतं.

“तुमाला आवडायचं की,” त्या म्हणाल्या.

“पण गोष्ट रंगली की तुझे हात थांबायचे. मी बघितलंय.”

“खडा दिसला की थांबतेत हात.” मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या उंबऱ्यातून वळून म्हणाल्या, “पोरगी पंचमीला आली असती तर तिच्यासंगं बसून बघितलं असतं. मला कुणी इचारलंच न्हाई. जाऊ द्या. तुमी वाचा. दार लोटून घेते, तिकडचा आवाज येतोय म्हणताव न्हवं?”

त्यांनी दार अगदी हलक्या हातानं लोटलं.

आवाज तरीही येत होता. भिंत एकाच विटेची होती. सासूनं पुन्हा काही तरी कालवलं असावं. साखराबाई ओरडल्या, “मेली कशी बगतीय बग!” आणि त्यावर एक बाई मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं हसली. हे हसणं कोणाचं, असा प्रश्न अप्पांना पडला. आणि मग तो प्रश्न पडल्याचंच त्यांना वाईट वाटलं.

एवढ्यात मोबाईल वाजला. कंपनीचा होता. या वेळी माणूस नव्हता, नुसता टेप केलेला आवाज.

“आपण नभरत्नची सेवा बंद केली आहे. सेवा बंद झाल्याबद्दल आपण समाधानी असाल तर एक दाबा. समाधानी नसाल तर दोन दाबा, आमचे प्रतिनिधी आपल्याला फोन करून कारण विचारतील.”

अप्पांनी चष्मा काढला. मांडीवर साहेब बंदरावर उभा होता, शेजारी अर्धवट निवडलेली ज्वारी होती, भिंतीपलीकडं बायको हसत होती. कारण विचारतील.

त्यांनी एक दाबलं.